घड्याळ कोणाच्या हातात?

(रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात संघटनेच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या वर्गाचा विषय कामाचे तास असा छापला आहे. तासांविषयी आपल्या सभांतून आपण नेहमीच बोलतो. आठ तास हवेत, बारा तास नकोत, जादा कामाचा मोबदला मिळाला पाहिजे, ह्या मागण्या आपल्याला पाठ आहेत. आज आम्ही त्याच्या आधीचा एक प्रश्न आपल्यापुढे ठेवणार आहोत. तास किती, हे ठरवण्यापूर्वी तास म्हणजे काय हे कोणी तरी ठरवलेले असते. कोणते मिनिट काम आणि कोणते मिनिट आराम, ड्युटी कोठे सुरू झाली आणि कोठे संपली, रजा कोठून मोजायची, नोकरी कोणत्या तारखेपासून धरायची, हे सारे मोजमाप प्रशासनाच्या हातात आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की कामगारावरची खरी हुकमत ह्या मोजमापात आहे, आणि मोजमापात आपला वाटा मागितल्याशिवाय तासांची लढाई अर्धीच राहते.

घड्याळ आपल्याकडे कसे आले

आपल्या देशात मिनिटांचा हिशेब सर्वसामान्य माणसाच्या आयुष्यात आणला तो रेल्वेने आणि गिरणीने. गाडी वेळेवर सुटायची तर सगळ्या स्टेशनांवर एकच वेळ हवी, म्हणून रेल्वे अनेक वर्षे मद्रासची वेळ पाळत होती. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने भारतीय प्रमाणवेळ लागू केली. ही वेळ मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटांनी पुढे होती. सूर्य जेथे होता तेथेच राहिला, पण नव्या वेळेने भोंगा ३९ मिनिटे आधी वाजू लागला. मुंबईतल्या गिरणी कामगारांनी त्या वेळी निषेध केला, तो अडाणीपणातून केला असे कोणी समजू नये. काटा कोणी सरकवला आणि कोणाला विचारून सरकवला, हा त्यांचा सवाल होता.

त्याआधी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मागितली आणि १८९० मध्ये ती मिळवली. गिरणीत जाण्यापूर्वी लोखंडे यांनी काही काळ रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी केली होती, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. म्हणजे ते आपल्या दोन्ही खात्यांचे वडीलधारे ठरतात. टपाल खात्याने २००५ साली त्यांच्या नावाचे तिकीट काढले. आठवड्याचा एक दिवस मालकाच्या हिशेबातून काढून घेणे ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट होती, ह्याची कल्पना आज रविवार उपभोगणाऱ्याला येत नाही. ज्यांना आजही रविवार मिळत नाही, त्या आपल्या रनिंग स्टाफला मात्र ती लगेच येईल.

बसून असणे म्हणजे काम नाही काय?

आता रेल्वेकडे वळू. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा कामाच्या तासांविषयीचा पहिला करार १९१९ चा. भारताने तो १९२१ मध्ये मान्य केला, पण भारतासाठी त्यात खास सवलत ठेवली होती : इतरांना आठवड्याचे ४८ तास, आपल्याला ६०. पुढे १९३० मध्ये रेल्वे कायद्यात दुरुस्ती झाली आणि १९३१ चे नियम आले. सलग काम करणाऱ्याला आठवड्याला ६० तास, आणि ज्याचे काम अधूनमधून असते असे ठरवले गेले त्याला ८४ तास. ८४ म्हणजे रोजचे बारा आणि सातही दिवस.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर हा वाद मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्यापुढे गेला. डाक-तार कर्मचाऱ्यांच्या वादातही लवाद म्हणून तेच होते. १९४७ च्या त्यांच्या निवाड्याने ६० चे ५४ झाले, ८४ चे ७५ झाले, आणि अतिशय ताणाच्या कामासाठी ४५ तासांचा नवा वर्ग निर्माण झाला. १९८९ च्या रेल्वे कायद्यात हेच तीन आकडे आहेत. इंटेन्सिव्ह ४५, कंटिन्यूअस ५४, एसेन्शियली इंटरमिटंट ७५. आपल्या बोलीत आपण शेवटच्याला ई.आय. म्हणतो.

आता ह्या ई.आय.ची व्याख्या नीट ऐका. बारा तासांच्या ड्युटीत निम्मा किंवा त्याहून अधिक वेळ असा असावा, की ज्यात कर्मचारी कामावर हजर असेल पण त्याला शारीरिक हालचाल किंवा सतत लक्ष देण्याची गरज पडणार नाही. त्यात निदान एक तासाचा एक टप्पा किंवा अर्ध्या तासाचे दोन टप्पे असावेत. हे सलग ७२ तासांच्या सरासरीवर काढायचे. त्यासाठी जो जॉब अ‍ॅनालिसिस होतो तो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. एक निरीक्षक येतो, कागद घेऊन बसतो आणि लिहितो : अमुक वाजता फाटक बंद, अमुक वाजता उघडले, मध्ये काम नाही.

बंधूंनो, ह्या काम नाही शब्दांकडे लक्ष द्या. गेटमन गाडी जाईपर्यंत काय करतो? तो कान फोनकडे लावून असतो. फाटकापाशी थांबलेला ट्रॅक्टरवाला हुज्जत घालतो, त्याला आवरतो. गुरे रुळावर येत नाहीत ना हे पाहतो. रात्री अडीच वाजता तो जागा असतो, कारण झोपला तर नोकरी जाईल आणि कदाचित कोणाचा जीवही जाईल. निरीक्षकाच्या कागदावर हा सारा वेळ निष्क्रिय काळ म्हणून पडतो. हात हलला तरच काम, डोळा जागा राहिला तर काम नाही, असा हा हिशेब आहे. आणि गंमत अशी की अपघात झाला की चौकशी समितीपुढे तेच मिनिट एकदम कामाचे होते. तेव्हा विचारतात, त्या वेळी तुझे लक्ष कोठे होते? मोबदला देताना जे लक्ष नव्हते, ते दोष देताना कोठून आले?

२००५ च्या नियमांत आणखी एक खुबी आहे. आठवड्याचे मूळ तास ४८. ई.आय. वर्गाला त्यावर १२ तास अधिक, म्हणजे ६०. पण क वर्गाचा गेटमन असेल, किंवा आडगावच्या स्टेशनवर नेमणूक असून अर्ध्या किलोमीटरच्या आत क्वार्टर दिलेले असेल, तर २४ तास अधिक, म्हणजे ७२. क्वार्टर ही सवलत आहे असे आपल्याला सांगितले जाते. त्या सवलतीचे भाडे आठवड्याला बारा तासांनी वसूल होते, हे कोणी सांगत नाही.

सरासरीचे गणितही समजून घ्या. कंटिन्यूअस वर्गाचा हिशेब दोन आठवड्यांच्या सरासरीवर चालतो. समजा एखाद्या सहकाऱ्याने पहिल्या आठवड्यात ५८ तास काम केले आणि दुसऱ्यात ३८. बेरीज ९६, सरासरी ४८. कागदावर जादा काम शून्य. पण पहिल्या आठवड्यात मुलीला ताप होता, घरात माणूस नव्हते, तेव्हा वरचे दहा तास गेले ते गेलेच. दुसऱ्या आठवड्यातल्या मोकळ्या वेळाने तो ताप उतरत नाही. प्रशासनाचा वेळ सरासरीने चालतो, माणसाचा वेळ त्या त्या दिवशी चालतो.

टपाल खात्यातले सेकंद

टपालातल्या बंधूंना वाटेल की हे रेल्वेचे दुखणे आहे. आपल्याकडे बेवूर टाइम टेस्ट आणि मराठे टाइम फॅक्टर ही नावे कोणाला माहीत नाहीत? बेवूर हे डाक-तार खात्याचे पहिले भारतीय महासंचालक. ब्रिटिश अमदानीतली ती पद्धत अशी : प्रत्येक प्रकारच्या कामाला ठरावीक वेळ द्यायचा, महिन्याभरात अशी कामे किती झाली ते मोजायचे, गुणाकार करायचा, आणि जितके तास निघतील तितकी माणसे मंजूर करायची. मराठे हे नाव ऐकून आपल्याला आपुलकी वाटते खरी, पण फॉर्म्युल्याला जात-गाव नसते. तो ज्याच्या हातात, त्याचे काम करतो.

ह्या पद्धतीला आमचा सरसकट विरोध नाही, हे स्पष्ट सांगतो. मोजमाप नसते तर साहेबाच्या मर्जीवर पदे ठरली असती, आणि मर्जीपेक्षा आकडा बरा. वाढलेल्या कामावर वाढीव पदे मिळवताना आपल्याच कार्यकर्त्यांनी ह्या फॉर्म्युल्याचा आधार घेतला आहे. आमची तक्रार आहे ती न मोजलेल्या वेळाविषयी. काउंटरवर आलेल्या म्हाताऱ्या बाईला फॉर्म भरून द्यायला लागणारा वेळ कोणत्या रकान्यात आहे? पत्ता अर्धवट म्हणून पोस्टमनने चाळीत चार दारे ठोठावली, तो वेळ कोठे आहे? २०१३ पासून बचत बँकेचे काम कोअर बँकिंगवर गेले आणि २०२५ मध्ये एपीटी ही नवी प्रणाली आली. व्यवहाराचा वेळ संगणकामुळे कमी झाला असे गृहीत धरले जाते. पण सर्व्हर बसला की रांग उभी राहते, ग्राहक आपल्यावर चिडतो, आणि संध्याकाळी हिशेब मिळवायला आपण थांबतो. सर्व्हर बंद असतानाच्या त्या वेळात व्यवहार शून्य, म्हणजे गुणाकारही शून्य. ज्या तासाला आपण सर्वांत जास्त दमलो, तो तास हिशेबात जन्मालाच आला नाही.

ह्याचे सर्वांत कठोर रूप ग्रामीण डाक सेवकांच्या वाट्याला आले आहे. त्यांच्या मोबदल्याचे नावच वेळेशी निगडित सातत्य भत्ता असे आहे, टीआरसीए. कमलेश चंद्र समितीचा अहवाल २०१६ मध्ये आला. २०१८ च्या मे-जूनमध्ये डाक सेवकांनी पंधरवड्याहून अधिक संप केला, तेव्हा सुधारित दर मंजूर झाले आणि १ जुलै २०१८ पासून चार तास व पाच तास असे दोनच टप्पे राहिले. चार तासांच्या शाखा पोस्टमास्तरला मूळ १२,००० रुपये आणि पाच तासांच्या पोस्टमास्तरला १४,५०० रुपये ठरले. संपाने पदरात पडले ते मोलाचे आहे. पण हे चार-पाच तास भिंतीवरच्या घड्याळावरून येत नाहीत, कामाच्या मोजणीतून येतात. गावातला माणूस सकाळी सातला येऊन विचारतो, पैसे काढायचेत. रात्री आठला येतो, पत्र आले का? गावाच्या दृष्टीने डाकघर दिवसभर उघडे असते. खात्याच्या दृष्टीने ते पाच तासांत मिटते. शिवाय नियम असा की डाक सेवकाला उपजीविकेचे दुसरे साधन असावे. म्हणजे खाते त्याचे पाच तास विकत घेते आणि उरलेल्या दिवसाने त्याचे पोट भरावे असे गृहीत धरते.

हात थांबवणारे ओतारी

हे मोजमाप कोठून आले ह्याचा थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे, कारण त्यात सरकारी कामगारांचा एक विजय दडला आहे. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर नावाच्या अभियंत्याने कामाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा स्टॉपवॉचने मोजण्याची पद्धत रूढ केली. त्याचे शास्त्रीय व्यवस्थापनाचे पुस्तक १९११ साली निघाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रागारात ओतकाम विभागात घड्याळवाला माणूस उभा राहिला. ओताऱ्यांनी हत्यारे खाली ठेवली आणि ते बाहेर पडले. संप थोडे दिवसच चालला, पण प्रकरण संसदेत गेले, चौकशी समिती बसली, टेलरची साक्ष झाली. १९१५ मध्ये अमेरिकन संसदेने लष्करी खर्चाच्या विधेयकातच अट घातली की सरकारी शस्त्रागारांत कामगारावर स्टॉपवॉच लावण्यासाठी पैसा खर्च करता येणार नाही. ही बंदी १९४९ पर्यंत टिकली.

ह्यातला धडा असा की मोजणारा माणूस जवळ उभा राहणे ही साधी गोष्ट नाही, हे त्या ओताऱ्यांनी पहिल्याच दिवशी ओळखले. त्या घड्याळात आपल्या कामाचे ज्ञान जाते आणि उद्या ते आपल्यावरच हुकूम होऊन परत येते. आज आपण स्टॉपवॉचवर बंदी मागू शकणार नाही, कारण घड्याळ आता माणसाच्या हातात राहिलेले नाही. ते इंजिनात आहे, डेटा लॉगरमध्ये आहे, लॉबीतल्या क्रू मॅनेजमेंट सिस्टीममध्ये आहे, काही विभागांत की-मन आणि पेट्रोलमनच्या जीपीएस यंत्रात आहे, पोस्टमनच्या मोबाइलमध्ये आहे. त्याविषयी थोड्या वेळाने बोलू.

ड्युटीबाहेरचा वेळ

प्रशासनाची हुकमत साइन ऑन ते साइन ऑफ एवढ्यापुरती असती तर निभावून गेले असते. ती ड्युटीच्या बाहेरही पोहोचते. कॉल येईल म्हणून घरी बसलेला असिस्टंट लोको पायलट मोकळा असतो काय? तो लग्नाला जात नाही, शेतावर जात नाही, धड झोपतही नाही. तरी तो वेळ विश्रांतीत जमा होतो.

लोको रनिंग कर्मचाऱ्यांनी १९७३ मध्ये संप केला आणि त्या वर्षी ऑगस्टमध्ये रेल्वेमंत्री ललित नारायण मिश्र यांनी साइन ऑनपासून साइन ऑफपर्यंत दहा तासांचे तत्त्व मान्य केले. ह्या मागणीतला शहाणपणा पाहा. गाडी हलली तेव्हापासून न मोजता माणूस हजर झाला तेव्हापासून मोजा, असे ते म्हणत होते. लूप लाइनला उभ्या असलेल्या मालगाडीतही ड्रायव्हरचे आयुष्य खर्च होते, हे त्यात कबूल करून घेतले होते. अंमलबजावणी अपुरी राहिली आणि पुढच्या वर्षी ८ मे १९७४ रोजी देशभर रेल्वे थांबली, तेव्हा मागण्यांच्या यादीत आठ तासांचा दिवस होता.

आजचा वादही मोजण्याचाच आहे. आठ तास किंवा अधिक ड्युटी झाल्यावर मुख्यालयी सोळा तासांची विश्रांती आणि रनिंग स्टाफला महिन्यातून चार वेळा सलग ३० तासांची, किंवा पाच वेळा २२ तासांची नियतकालिक विश्रांती, असे नियम आहेत. लोको पायलट म्हणतात, रोजची विश्रांती आणि साप्ताहिक विश्रांती ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून १६ आणि ३० मिळून ४६ तास द्या. प्रशासन म्हणते, सोळा तास तीसच्या पोटातच आहेत. २०२४ च्या जूनमध्ये दक्षिण रेल्वेतल्या लोको पायलटांनी ह्याच प्रश्नावर आंदोलन केले. हा सोळा तासांचा वाद लाल सिग्नलपुढे डोळा उघडा राहण्याचा आहे, आणि त्यात मागच्या डब्यांतल्या प्रवाशांचाही जीव गुंतलेला आहे.

नोकरीची वर्षेसुद्धा अशीच मोजली आणि पुसली जातात. ओपन लाइनवरच्या रोजंदारी कामगाराला सलग १२० दिवस भरले की तात्पुरता दर्जा मिळे. मग १२० भरण्याआधीच त्याला घरी बसवायचे आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून घ्यायचे, हा प्रकार जुन्या गँगमननी भोगला आहे. प्रकल्पांवरच्या रोजंदारी कामगारांसाठी इंद्रपाल यादव यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८५ मध्ये ३६० दिवसांच्या आधारावर वाट मोकळी झाली. १९७४ च्या संपानंतर तर हजारोंना बडतर्फ केले आणि कित्येकांच्या नोकरीत खंड दाखवला. वीस दिवसांच्या संपासाठी वीस वर्षांची सेवा कोरी करायची, म्हणजे माणसाचा भूतकाळच जप्त करायचा. १९७७ मध्ये जनता सरकार आले, कोकणातून निवडून गेलेले मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले, आणि बडतर्फ झालेल्यांना परत घेण्यात आले, सेवेतला खंड भरून काढण्यात आला. पेनने पुसलेली वर्षे पेननेच परत लिहिली गेली. मोजमाप हा निसर्गनियम नाही, तो निर्णय आहे, ह्याचा ह्याहून मोठा पुरावा आपल्याला नको.

सत्तर मिनिटांचा तास

आणखी एक पुरावा आपल्या पगारपत्रकातच आहे. रात्रपाळी भत्त्यात रात्री दहा ते सकाळी सहा ह्या वेळातल्या प्रत्येक तासाला दहा मिनिटांचे वजन दिले जाते. म्हणजे रात्रीचा तास ६० मिनिटांचा नसून ७० मिनिटांचा आहे, हे सरकारने लेखी मान्य केले आहे. का? कारण रात्री जागणारे शरीर दिवसा काम करणाऱ्या शरीरापेक्षा जास्त झिजते. एकदा हे मान्य केले की पुढचे दार उघडते. रात्रीचा तास मोठा, तर उन्हाळ्यात तापलेल्या रुळावरचा ट्रॅकमनचा तास का नाही? फाटकावरचा एकट्याचा तास का नाही? मात्र दिलेले हात आखडतेही घेतात, हेही ध्यानात ठेवा. २०२० च्या आदेशाने ४३,६०० रुपयांच्या मूळ वेतनाची मर्यादा आणली आणि त्याहून वर पगार असलेल्यांचा रात्रीचा तास पुन्हा साठ मिनिटांचा केला. पगार वाढला म्हणून रात्र काही लहान होत नाही.

आता आपण काय करायचे

मघाशी यंत्रांविषयी बोलायचे ठेवले होते. जीपीएस किंवा अ‍ॅपला केवळ शिव्या देऊन उपयोग नाही. मध्यरात्री एकटा फिरणारा पेट्रोलमन अडचणीत सापडला तर त्या यंत्राने त्याचा ठावठिकाणा लागतो, ही गोष्ट खरी आहे. प्रश्न इतकाच की नोंद एकाच दिशेने वाहते. आपण पाच मिनिटे उशिरा आलो ते दिसते. आपल्याला पन्नास मिनिटे उशिरा सोडले, तेही त्याच यंत्रात असते, पण ते कोणी उघडून पाहत नाही. ते उघडायला लावणे हे आपले काम आहे. त्यासाठी शाखांपुढे आम्ही चार कामे ठेवतो.

पहिले काम, प्रत्येकाने खिशात वही ठेवायची. कॉल किती वाजता आला, साइन ऑन किती वाजता, गाडी कोठे किती वेळ उभी राहिली, रिलीफ कधी मिळाली, सर्व्हर किती वेळ बंद होता, काउंटर बंद झाल्यावर किती थांबलो. लांब लिहायची गरज नाही, तारीख आणि वेळ पुरे. एका माणसाची वही म्हणजे तक्रार ठरते, चाळीस माणसांच्या तीन महिन्यांच्या वह्या म्हणजे दस्तऐवज ठरतो.

दुसरे काम, आपल्या ठिकाणचा जॉब अ‍ॅनालिसिस कोणत्या साली झाला ते शोधायचे. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे, अर्ज करून प्रत मागा. तेव्हा किती गाड्या होत्या आणि आज किती आहेत, फाटकावरची वाहने किती वाढली, हे समोरासमोर मांडा. वर्गवारीचा वाद प्रादेशिक श्रम आयुक्तांकडे नेता येतो, हे विसरू नका. टपालातल्या बंधूंनी एस्टॅब्लिशमेंट रिव्ह्यूचे आकडे असेच मागावेत.

तिसरे काम, पुढचे मोजमाप संयुक्त व्हावे अशी मागणी करायची. निरीक्षकासोबत आपला प्रतिनिधी बसेल, दोघांच्या सह्या होतील, आणि जागरूक राहण्याचा वेळ वेगळ्या रकान्यात लिहिला जाईल. निष्क्रिय हा शब्द आपल्या सहीखाली जाता कामा नये.

चौथे काम, नवे यंत्र किंवा नवे अ‍ॅप आले की त्यातली स्वतःविषयीची नोंद कामगाराला पाहायला मिळाली पाहिजे आणि शिक्षेच्या चौकशीत ती त्याच्या बाजूनेही वापरता आली पाहिजे, ही अट कायम वाटाघाटीच्या मंचावर मांडायची.

बंधू-भगिनींनो, ही कामे मोर्चासारखी गाजणारी नाहीत. वहीवर टाळ्या पडत नाहीत. पण ६० चे ५४ झाले आणि ८४ चे ७५ झाले, ते लवादापुढे कोणी तरी रात्री जागून मांडलेल्या आकड्यांमुळे झाले. त्या पिढीकडे संगणक नव्हता, पुष्कळांकडे स्वतःचे घड्याळही नव्हते. आपल्या प्रत्येकाच्या खिशात आज घड्याळ आहे. गाड्या वेळेवर चालाव्यात आणि टपाल वेळेवर पोहोचावे, ह्यात आपलाच अभिमान आहे. त्यासाठी घड्याळाला आम्ही कधी नाही म्हटलेले नाही आणि म्हणणारही नाही. आमचे मागणे एवढेच की ज्याचे आयुष्य मोजले जाते, त्याचाही हात त्या घड्याळावर असावा.

पुढच्या त्रैमासिक बैठकीला येताना प्रत्येक शाखेने निदान दहा वह्या सोबत आणाव्यात, असे आवाहन करून आम्ही आपली रजा घेतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!